नाकापासून हनुवटीपर्यंत

माणसाचा चेहरा ही त्याची खासगी बाब आहे, हा समज फार जुना असून तो मोजमापाच्या अभावातून निर्माण झालेला आहे. एकदा पट्टी हाती आली की खासगी असे काही राहत नाही. अंबरनाथ पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हेमचंद्र टिपणिसांच्या घरी ही पट्टी १९८९ साली आली. त्यापूर्वी त्या घरातली माणसे कसली कसली तोंडे घेऊन बिनदिक्कत वावरत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

हेमचंद्र एका कारखान्यात इन्स्पेक्शन खात्याचे अधिकारी होते. पंपाचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर येत. मापात बसला तो पुढे गेला, नाही बसला त्याला लाल ठिपका लावून कोपऱ्यातल्या पेटीत टाकले. बावीस वर्षांत त्यांनी एकाही भागाला दयेने पास केले नव्हते. माणूस सज्जन, घरी कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी मीनल बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वरचे दात पुढे होते आणि ती हसायची मोठ्याने. ते हसू तळमजल्यापर्यंत ऐकू जाई आणि टिपणिसांकडे सगळे ठीक आहे असे त्यावरून लोक समजत. तिला पाच स्थळे पाहून गेली. पाचही ठिकाणांहून पत्रिका जुळत नसल्याचे कळवण्यात आले. (यातल्या दोघांनी पत्रिका मागितलीच नव्हती. न बघता न जुळण्याइतके ज्योतिष आपल्याकडे पुढे गेलेले आहे.)

शेवटी हेमचंद्रांच्या मेहुणीने, म्हणजे उमाने, तोंड उघडले. "सुनंदा, राग मानू नकोस. पण ग्रहबिग्रह काही नाही, दात आहेत."

मीनलच्या आई सुनंदाबाईंनी दोन दिवस राग मानला आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरचा पत्ता विचारला.

डॉक्टर गुरुदत्त हे वाकडे दात सरळ करण्याचे तज्ज्ञ मुंबईहून बुधवारी आणि शनिवारी उल्हासनगरला येत. कॅम्प चारमध्ये कापडाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता आणि तिथे अत्याधुनिक पद्धतीने निदान होई. आधी तोंडात गुलाबी लगदा भरून दातांचा ठसा घेत. (या काळात रुग्णाने नाकाने श्वास घ्यावा व आयुष्याचा विचार करू नये.) त्या ठशावरून प्लास्टरचे दात ओतत. मग दोन्ही कानांत दांडे घालून डोके जागच्या जागी पक्के करत आणि बाजूने एक्स-रे काढत. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून, पेन्सिलीला टोक काढून, चौदा खुणा आणि नऊ रेघा. पूर्वी एखाद्याचे दात पुढे आहेत हे नुसते बघून कळत असे. आता तेच पाऊण तासात निश्चितपणे सांगता येऊ लागले होते.

"ही नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतची रेघ," डॉक्टर म्हणाले. "ओठ रेघेच्या आत पाहिजेत. हिचे सहा मिलिमीटर बाहेर आहेत."

"टॉलरन्स किती? म्हणजे किती फरक चालेल?" हेमचंद्रांनी विचारले.

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. बारा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एवढा समजूतदार पालक त्यांना भेटला नव्हता. "दोन धरा."

"आणि स्टँडर्ड कुठलं हे?"

"अमेरिकेतलं. तिथल्या लोकांची मापं घेऊन काढलेलं आहे."

उल्हासनगरच्या बाजारात परदेशी छापाची वस्तू दिसली की अंबरनाथचा माणूस ती आधी उलटी करून बघतो. हेमचंद्र तर साधा टॉर्चही तीनदा उलटा करत. या खेपेला त्यांनी काही उलटे करून पाहिले नाही. अमेरिकेतल्या लोकांची नाके लांब, तेव्हा त्यांच्या रेघेला पुढे भरपूर जागा असणार, एवढी गोष्ट त्यांच्या खात्यातल्या शिकाऊ पोरालाही सुचली असती.

"रिवर्क होईल?"

"होईल की. वरचे दोन आणि खालचे दोन काढू. मग तार लावून पुढचे मागे घेऊ."

"किडलेत का ते चार?" सुनंदाबाईंनी विचारले.

"छे हो, उत्तम आहेत. पण जागा लागते ना."

चांगल्यांनी निमूटपणे उठावे आणि वाकड्यांची सोय करावी, ही पद्धत आपल्याकडे रुळलेलीच असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. मीनल तेवढी म्हणाली, "बाबा, मला काही दुखत नाहीये पण."

"पंपालाही दुखत नसतं, बाळा," हेमचंद्र मायेने म्हणाले. आणि ते खरोखरच मायेने म्हणाले होते, हे इथे नमूद करणे भाग आहे.

त्या शनिवारी घरी येताना त्यांना एक शोध लागला. एक्स-रेची गरजच नव्हती. इन्स्पेक्शनवाल्याच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम असते. तिचे एक टोक नाकाच्या शेंड्याला लावायचे, दुसरीकडे हनुवटी टेकवायची. ओठ पट्टीच्या दोन मिलिमीटरपेक्षा पुढे आले की रिजेक्ट. (वाचकाने बोट खाली घ्यावे. कथा अजून पुढे आहे.)

पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी इमारत, खाते, चैत्रातले हळदीकुंकू आणि उल्हासनगरचा बाजार मिळून एकसष्ट चेहरे तपासले. त्यापैकी एकोणसाठ रिजेक्ट झाले. त्यांत सुनंदाबाई होत्या, कारखान्याचे मॅनेजर होते आणि खुद्द हेमचंद्रही होते. स्वतःचा निकाल त्यांनी वहीत तांबड्या शाईने लिहिला, यावरून त्यांचा निःपक्षपातीपणा दिसतो. मासे घेऊन दारावर येणाऱ्या वेणूने तपासणीस नकार दिला. "दादा, तोंड हाय ते माजा, बोंबील नाय मापाला," असे म्हणून तिने पाटी उचलली, तेव्हा तिची नोंद 'गैरहजर' अशी करावी लागली.

पास झालेले दोन चेहरे असे. एक, डॉक्टरांच्या खालच्या दुकानातला साडी नेसवलेला पुतळा. दोन, हेमचंद्रांच्या गोदूआत्या. आत्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि त्या दिवशी कवळी पाण्यात होती. दात मुळीच नसणे ही दातांची सर्वोत्तम रचना होय, असा निष्कर्ष यातून निघतो. तो निष्कर्ष हेमचंद्रांनी डॉक्टरांना कळवला. डॉक्टरांनी विषय बदलला.

मीनलला तार लागली. सोबत छापील सूचना मिळाल्या: शेंगदाणे, ऊस, पेरू, चिक्की आणि कडक भाकरी वर्ज्य. वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत छोटे रबर लावायचे. घरात असताना डोक्याला पट्टा बांधायचा. तोंड फार उघडल्यास रबर सुटते, सबब मोठ्याने हसू नये.

मीनल मुलगी आज्ञाधारक. पहिले काही आठवडे ती हसायची, रबर सुटायचे आणि ती फरशीवर शोधत बसायची. मग ती हात तोंडावर धरून हसू लागली. मग नुसता हातच धरू लागली. दर महिन्याला डॉक्टर तार आवळत, दर रविवारी बाबा पट्टी लावून वहीत आकडा लिहीत. सहा, साडेपाच, पाच. मीनलही वहीत डोकावू लागली आणि हळूहळू पट्टी स्वतःच लावू लागली. साडेचार आला त्या रविवारी हेमचंद्रांनी जिलबी आणली. ती मऊ करून खायला तिला अर्धा तास लागला. तळमजल्यावरच्या बाईंनी त्या सुमारास सुनंदाबाईंना जिन्यात थांबवून विचारले, "सगळं बरं आहे ना हो तुमच्याकडे? आवाज येत नाही."

पावणेतीन वर्षांनी तार निघाली. निकाल एक मिलिमीटर, पास. पहिले आणि शेवटचे प्लास्टरचे दात टीव्हीशेजारच्या शोकेसमध्ये मांडण्यात आले आणि स्थळे पुन्हा येऊ लागली.

बदलापूरहून शरदचंद्र आला तो पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनियर होता. त्याचे दात पुढे होते. बोलून झाल्यावर ओठ मिटायला त्याला जरा वेळ लागे. हेमचंद्रांनी पट्टी खिशातून न काढता नजरेनेच अंदाज घेतला: सात. चहा आला, पोहे आले.

"तुमचं काम नेमकं काय असतं?" सुनंदाबाईंनी विचारले.

"पाणी वरच्या मजल्यांपर्यंत चढतंय की नाही ते बघायचं. तुमच्याकडे चढतं का?"

"कुठलं हो. सकाळी दहा मिनिटं करंगळीएवढं येतं."

शरदचंद्राने पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. "मग माझ्याविषयी जास्त काही विचारू नका."

आणि मीनल हसली. मोठ्याने, तोंड उघडून, हात मांडीवर तसाच ठेवून. हेमचंद्रांना ते हसू ऐकून पावणेतीन वर्षे झाली होती. ते उठून आत गेले, खिशातली पट्टी काढली आणि कपाटाच्या खणात, सगळ्यात मागे सारली. बावीस अधिक तीन, पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच एक भाग मापाबाहेर असून पास केला होता.

पाहुणे गेल्यावर ते मीनलला म्हणाले, "मुलगा चांगला आहे. होकार कळवतो."

मीनल कपबशा गोळा करत होती. "बाबा, तुम्ही बघितलं नाही का? सात तरी असेल."

"असू दे गं."

"असू दे कसं? टॉलरन्स दोन आहे."

"तू हसलीस ना पण त्याच्या बोलण्यावर?"

"हसू आलं म्हणून हसले," मीनल म्हणाली. "त्याचा इथे काय संबंध?"

ती बोलत होती त्यात एक अक्षर तिचे नव्हते, सगळी हेमचंद्रांचीच होती. त्यांनी बदलापूरला नकाराचे पत्र टाकले. शरदचंद्राचे त्याच मार्गशीर्षात दुसरीकडे लग्न झाले आणि त्याच्या घरातून जेवणाच्या वेळी हसण्याचा फार आवाज येतो अशी शेजाऱ्यांची तक्रार आहे. मीनलने त्यानंतर अकरा मुले पाहिली. अकराही रिजेक्ट. हेमचंद्र आता निवृत्त झाले आहेत. ते संध्याकाळी गॅलरीत बसतात आणि कधी कधी मुलीसमोर मुद्दाम काहीतरी विनोदी बोलून पाहतात. ती ओठ मिटून, मापात हसते.

ही हकीगत इथे संपते. आजवर ज्यांना ज्यांना ती सांगितली, त्या सर्वांनी शेवटी एकच प्रश्न विचारला आहे, आणि तो आपल्याही मनात आलेला असणार: सगळं ठीक, पण आता ती दिसते कशी? प्रश्न रास्त आहे. फोटो पाहण्यास मिळेल. मागणी करताना आपला स्वतःचाही एक, बाजूने काढलेला, सोबत जोडावा.