खिडकी क्रमांक तीनसमोरचं तळं

आमच्या कार्यालयात रोज सरासरी एकशे चाळीस नागरिक येतात आणि त्यांतल्या एकशे दहा जणांना ‘उद्या या’ असं सांगावं लागतं. हे काम वाटतं तितकं हलकं नाही. कागद हातात घ्यावा लागतो, उलटून बघावा लागतो, परत करावा लागतो आणि चेहऱ्यावर थोडं दुःखही आणावं लागतं. मी गिरिधर, वरिष्ठ लिपिक. हुडकेश्वरकडच्या एका कार्यालयात खिडकी क्रमांक तीनवर रहिवासी दाखले देतो, म्हणजे बहुतेक वेळा देत नाही. कार्यालय कोणत्या खात्याचं, हे सांगायला वरून परवानगी लागते. अर्ज केला आहे. एकतीस वर्षांच्या सेवेत माझा घसा तीनदा बसला. आमच्या घराण्यात पाच पिढ्या लेखणीची चाकरी आहे, आणि पणजोबा म्हणे नुसत्या भुवईनं ‘उद्या या’ सांगत. तेवढी विद्या माझ्यात उतरली नाही.

फेब्रुवारीत परिपत्रक आलं. प्रत्येक कार्यालयानं मार्चअखेर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू करून तसा अहवाल पाठवावा. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. आमच्या अधीक्षक अरुंधती मॅडमनी तातडीची बैठक बोलावली. नैसर्गिक बुद्धिमत्तेबद्दल अजून परिपत्रक आलेलं नसल्यामुळे आम्हांला या विषयाचा पूर्वानुभव नव्हता. शेवटी नूपुर बोलली. ती आमची संगणक चालक, सहा-सहा महिन्यांच्या तात्पुरत्या कंत्राटावर गेली नऊ वर्षं आहे.

“मॅडम, ‘उद्या या’ भिंतच सांगन. मशीनले अक्षरं द्यायची आणि सांगायचं, यात तळं काढ. झाडं, पाणी, बगळे असे मांडून देते का जवळून नुसतं तळंच दिसते. लांबून, डोळे बारीक करून पाहिलं तर अक्षरं.”

“आणि ज्यानं डोळे बारीक केले नाहीत त्याचं काय?”

“त्याच्या मनात आपोआप जाते म्हणतात.”

‘म्हणतात’ हा आमच्याकडे पुरेसा पुरावा असतो. मजकूर ठरवायला त्रिसदस्यीय समिती बसली. मूळ मसुदा ‘कृपया उद्या या’ असा होता, पण ‘कृपया’साठी एक टेकडी आणि दोन नावा जास्त लागत होत्या आणि चित्रात गर्दी होत होती. सौजन्य धोरणात आहेच, चित्रात नसलं तरी चालेल, असा शेरा मारून मॅडमनी ते काढलं. मग मशीननं चित्र दिलं. निळं तळं, काठावर संत्र्याची झाडं, लव्हाळी, बगळे, मागे ढग. इतकं सुंदर तळं आमच्या हद्दीत कधीच नव्हतं.

मॅडमना एकच काळजी होती. मजकूर कुणाच्या लक्षात आला तर माहितीच्या अधिकारात अर्ज पडेल. म्हणून आम्ही अकरा कर्मचारी आपापले चष्मे पुसून चित्रापासून तीन फुटांवर ओळीनं उभे राहिलो, पाहिलं आणि सह्या केल्या. टिपणी मीच लिहिली: ‘सदर चित्रात काहीही आढळून आले नाही, सबब चित्र मंजुरीस योग्य आहे.’ चित्र माझ्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लागलं.

पंधरा दिवसांत गर्दी एकशे चाळीसवरून अठ्ठ्याण्णववर आली. वरच्या कार्यालयाकडून अभिनंदनाचं पत्र आलं आणि प्रकल्प इतरत्र राबवायचा विचार सुरू झाला. माझा घसा सुधारला. संध्याकाळी घरी मी चक्क बोलायला लागलो, त्याची बायकोला थोडी धास्ती वाटली.

याच दिवसांत कौशल्याबाईंचं माझ्या लक्षात आलं. वय एकाहत्तर, तीस वर्षं कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ मोडलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बेसा रस्त्यावरच्या एका धर्मादाय संस्थेच्या शिबिरात फुकट ऑपरेशन होणार होतं, पण एकतीस मार्चपर्यंत रहिवासी दाखला जोडायचा होता. पूर्वी त्या येत आणि हाकलून दिल्याशिवाय जात नसत. आता मात्र दारातून आत येत, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत, हात जोडत आणि निघून जात. एकदा मी चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं.

“काहून आजी, खिडकीवर न येताच चालल्या?”

“तुम्हीच तं लिवलं ना बाबू भिंतीवर, उद्या या म्हणून. एवढ्या मोठ्या अक्षरात. मी म्हटलं, बरं झालं, आता लिहून तरी देऊन राहिले.”

“कुठं लिहिलं?”

“थ्या तळ्यात. मले तुमचं तोंड दिसत नाही, बसचा नंबर दिसत नाही. सारं धुरकट. थे मात्र साफ दिसते.”

मी मॅडमना लेखी कळवलं. चौकशी झाली. कमी झालेल्या बेचाळीसच्या बेचाळीस नागरिकांना मोतीबिंदू होता आणि त्याच शिबिरासाठी दाखला हवा होता. त्यांना चित्र धूसर दिसायचं, म्हणून मजकूर स्वच्छ दिसायचा, आणि सरकारी भिंतीवर लिहिलंय म्हणून ते मुकाट्यानं परत जायचे. धडधाकट डोळ्यांच्या एकाही माणसावर चित्राचा परिणाम झालेला नव्हता. ते भिंतीकडे बघतच नव्हते, मोबाईलकडे बघत होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं चित्र उतरवलं असतं. पण मॅडम फायलीच्या शेवटापर्यंत विचार करतात.

“गिरिधर, या बेचाळीस जणांना दाखले दिले तर काय होईल?”

“ऑपरेशन होईल, मॅडम.”

“मग त्यांना काय दिसेल?”

“तळं.”

“म्हणजे आपणच दाखले देऊन आपला प्रकल्प बंद पाडायचा. अभिनंदनाचं पत्र आलेलं असताना.”

त्याच दुपारी संस्थेला पत्र गेलं, की आपल्या शिबिरामुळे या कार्यालयाच्या गर्दी नियंत्रणात बाधा येत असून जनहितार्थ ते पुढील वर्षी घ्यावे. मोतीबिंदूसाठीचे दाखले तोवर रोखून धरायचे, असं मला तोंडी सांगण्यात आलं. तोंडी एवढ्यासाठी, की ही गोष्ट लिहायला योग्य नव्हती.

खरं सांगतो, कौशल्याबाईंचा दाखला चौदा मार्चलाच सही होऊन माझ्या खणात पडला होता. फक्त जावक क्रमांक टाकायचा होता. रोज सकाळी मी खण उघडायचो, तो बघायचो आणि खण बंद करायचो. मला लाज वाटायची. पण लाजेचा रकाना कोणत्याच नमुन्यात नाही, म्हणून ती कुठं भरावी हे कळेना.

एकतीस मार्चला साडेचारच्या सुमाराला दारात गलका झाला. कौशल्याबाई आत येत होत्या. पदर डोळ्यांवरून घट्ट ओढून घेतलेला, एक हात भिंतीला आणि दुसरा शेजारीण कांताबाईंच्या खांद्यावर. चित्र मागे टाकून त्या चाचपडत माझ्या खिडकीशी आल्या. कार्यालयातली सगळी कामं थांबली, म्हणजे अकराही जण बघू लागले.

“आजी, हे काय?”

“पाटी दिसू नये म्हणून डोळे बांधून आली. दिसली का परत जा लागते. सरकारचं लिवलेलं मोडता येत नाही ना बाबू. पण आज मी वाचलंच नाही. आता तुम्हीच तोंडानं सांगा.”

मी तोंड उघडलं. महिनाभर हा शब्द भिंतच बोलत होती, माझी सवय मोडली होती. बांधलेल्या डोळ्यांच्या त्या बाईला, दोन हातांच्या अंतरावरून, मला ते सांगता येईना. मी खण उघडला, क्रमांक टाकला, शिक्का मारला. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. कांताबाईंनी घड्याळात पाहिलं आणि माझ्याकडेही पाहिलं. मग तशाच सह्या होऊन पडलेल्या उरलेल्या एक्केचाळीस दाखल्यांचा गठ्ठा मी बाहेर काढला आणि क्रमांक टाकत बसलो. संस्था बंद व्हायच्या आत नूपुरनं ते संस्थेत पोचवले.

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. खुलासा उद्या सादर करतो, असं मी कळवलं आहे.

एप्रिलअखेर कौशल्याबाई आल्या, काळा चष्मा लावून. भिंतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

“पुसलं का गा बाबू?”

“नाही आजी, आहे तसंच आहे.”

“मले तं तळंच दिसते. चांगलं आहे.” मग त्या खिडकीत वाकल्या आणि त्यांनी माझा चेहरा निरखून बघितला, पहिल्यांदाच. “आवाजावरून वाटलं होतं का कोणी लई मोठा साहेब असन. तुम्ही तं आमच्या घरच्यासारखेच दिसता.” त्या हे चांगल्या मनानं म्हणाल्या. मला ते दिवसभर टोचत राहिलं.

ते बेचाळीस जण आता दुसऱ्या कामांसाठी थेट खिडकीपर्यंत येऊ लागले, आणि गर्दी पुन्हा एकशे चाळीसवर गेल्यावर चित्र उतरवण्यात आलं. पण अहवाल अपुरा राहू नये म्हणून मॅडमनी मला घरोघर पाहणीला पाठवलं. धडधाकट डोळ्यांचे जे हजारो नागरिक आमच्याकडे कधी फिरकतच नाहीत, ते का येत नाहीत, हे शोधायचं होतं. मी तीनशे घरं फिरलो. प्रत्येक घरात कपाटात, गादीखाली किंवा फ्रीजवर एक कागद निघाला. कुणाची नावातली चूक, कुणाची रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार, कुणाचा शेजारच्या म्हाताऱ्यासाठी करून ठेवलेला अर्ज. सगळ्यांनी मला बसवलं, चहा दिला, कार्यालयांना मनसोक्त शिव्या दिल्या आणि एकच उत्तर दिलं, ‘उद्या येतो.’ ते मी तीनशे वेळा लिहून घेतलं, माझा हात दुखला.

तुमच्याही घरी मी येऊन गेलो. तुमचा कागद बहुधा अजून तिथंच आहे. भिंती मी नीट पाहिल्या होत्या, जवळून, लांबून आणि डोळे बारीक करूनही. तुमच्याकडे तर आम्ही काहीच लावलेलं नव्हतं.