शाम्पू नव्हे

गुरुवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना ताई रेडिओ केंद्राच्या काचेच्या खोलीत शिरल्या. शिरण्यापूर्वी मोबाइल बंद करून दाराबाहेरच्या टोपलीत ठेवावा लागे, तसा त्यांनी ठेवला. ताई म्हणजे गावातल्या सगळ्यात चालणाऱ्या पार्लरच्या मालकीणबाई. बावीस वर्षं त्या लोकांची डोकी हाताळत होत्या आणि एवढ्या काळात 'मला ठाऊक नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. केस गळोत, पिकोत की फुटोत, ताईंकडे उत्तर तयार असे. कधी कधी तर प्रश्नाच्याही आधी.

'केसांशी हितगुज' हा त्यांचा नवा कार्यक्रम मात्र काही केल्या बाळसं धरत नव्हता. पहिल्या गुरुवारी एकही फोन आला नाही. दुसऱ्या गुरुवारी एक आला, तो ताईंच्या धाकट्या बहिणीचा. तिनं आवाज बदलून कोंड्याबद्दल छान विचारलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बरं, माझी इस्त्री परत पाठव गं, कधीची नेली आहेस." हे अख्ख्या गावानं ऐकलं.

आज केंद्राच्या व्यवस्थापकांनी आडपडदा ठेवला नाही. "ताई, आजची शेवटची संधी. फोन वाजले तर कार्यक्रम कायमचा तुमचा. नाही वाजले तर पुढच्या गुरुवारपासून या वेळेला हवामान. आणि घरच्यांचे फोन अजिबात नकोत हं. तसं दिसलं तर मी मधेच बंद करीन."

"फोन इतके वाजतील की तुम्ही कंटाळाल," ताई म्हणाल्या. कशाच्या जोरावर म्हणाल्या हे त्यांनाही ठाऊक नसावं, पण आवाज असा खणखणीत की व्यवस्थापकांनी फोनची तार नीट बसली आहे ना, ते एकदा बघून घेतलं.

घरी ताईंनी आधीच तंबी दिली होती, की काहीही झालं तरी केंद्रावर फोन करायचा नाही. ही तंबी ऐकायला घरात एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचे यजमान. ते वाचनालयात ग्रंथपाल. दिवसभर लोकांना 'हळू बोला' सांगून सांगून त्यांचा स्वतःचा आवाजही कुजबुजीच्या वर जाईनासा झाला होता. अख्खं गाव ताईंच्या सल्ल्यानं केस कापी, रंगवी, वाढवी. एकटे ग्रंथपाल तेवढे नाक्यावरच्या जुन्या केशकर्तनालयात जात आणि तिथला कारागीर देईल तो आकार घेऊन परत येत. बायकोचा एकही सल्ला त्यांनी कधी मानला नव्हता. भांडून नव्हे, "हं" म्हणून. हे 'हं' ताईंना फार लागे.

लाल दिवा लागला. ताईंनी सुरुवात दणक्यात केली.

"श्रोतेहो, या उन्हाळ्याचा रंग आहे वांगी! पण चाळिशी उलटलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. वयाला शोभत नाही, स्पष्ट सांगते. दुसरं, केस कापायला बसलात की 'थोडेसेच' म्हणू नका. बोटांनी दाखवा. तुमचं थोडंसं आणि आमचं थोडंसं यात वीतभर अंतर असतं. तिसरं, ओले केस..."

पंधरा मिनिटं झाली. फोन मख्खपणे पडून होता. काचेपलीकडे व्यवस्थापक हवामानाचा कागद चाळू लागले. आणि मग तो वाजला.

"हॅलो!" कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. "ताई, माझे केस वांगी झालेत हो!"

हा आवाज ग्रंथपालांचा होता. बायकोचा मोबाइल बंद, तिच्यापर्यंत पोचायचा दुसरा मार्ग नाही, आणि बाथरूमच्या आरशात हे असं डोकं. तेव्हा त्यांनी तंबी मोडून घरचा फोन उचलला होता. ताईंनी मात्र आवाज ओळखला नाही. ओळखणार कशा? नवऱ्याला ओरडताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"घाबरू नका, दादा," त्या म्हणाल्या. "केस कशानं धुतलेत?"

"शाम्पूनं. बाथरूममधल्या बाटलीतल्या."

"हात्तिच्या! शाम्पूनं कधी केस रंगतात का? पाण्याचा दोष आहे. टाकी कधी धुतली होती?"

"आठवत नाही."

"बघा! टाकीतला गंज उतरलाय. त्याच शाम्पूनं पुन्हा धुवा. भरपूर घ्या, फेस येईपर्यंत चोळा आणि पाच मिनिटं तसाच राहू द्या."

"त्याच शाम्पूनं?"

"त्याच. आणि माझ्या बोलण्यावर शंका घेऊ नका."

ताईंनी एक गाणं लावायला सांगितलं. तिकडे ग्रंथपालांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा बायकोचा सल्ला शब्दशः पाळला. फेस येईपर्यंत चोळायचं होतं. फेस काही येईना. म्हणून त्यांनी आणखी ओतलं. तरी येईना. आणखी ओतलं. गाणं संपलं तेव्हा अर्धी बाटली रिकामी झाली होती.

"ताई!" पुन्हा तोच आवाज. "फेस येतच नाही. आता कानही वांगी झालेत. भुवयासुद्धा! मला अकराला कामावर दार उघडायचंय, बाहेर लोक ताटकळत असतात."

काचेपलीकडे व्यवस्थापक खुर्चीत ताठ बसले. ताईंचाही पवित्रा बदलला. चूक झाली असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. चूक कुणाची, एवढाच प्रश्न होता.

"फेस येत नाही म्हणजे तो शाम्पूच नव्हे. तुमच्या घरात बाटल्या कोण भरतं?"

"बायको."

"वाटलंच मला! भलत्या बाटलीत भलतंच भरायचं आणि वर नाव लिहायचा कंटाळा. श्रोतेहो, असल्या निष्काळजी बाईनं आज नवऱ्याची माफी मागितलीच पाहिजे. नुसती नाही, नीट, स्पष्ट शब्दांत!"

"ती नाही हो मागायची," पलीकडचा आवाज म्हणाला.

"का? आहे कोण ती एवढी?"

"तिला सगळं कळतं, असं तिचं म्हणणं आहे."

"अशांचंच अवघड असतं," ताई मनापासून म्हणाल्या.

आणि मग बांध फुटला. दुसऱ्या लाइनवर एक आजी होत्या. त्यांच्या सुनेनं टाल्कम पावडरच्या डब्यात कपड्यांचा सोडा भरून ठेवला होता आणि आजींनी तो लावून एक लग्न पार पाडलं होतं. एका निवृत्त गृहस्थांनी त्या बाईनं लेखी माफी द्यावी असं सुचवलं. एक तरुण मुलगी तावातावानं म्हणाली, "आणि त्या काकांना डोळे नव्हते का? ओतताना रंग दिसला नाही?" त्यावर आणखी सहा फोन आले, तीन काकांच्या बाजूनं आणि तीन विरुद्ध. व्यवस्थापकांनी हवामानाच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"त्या दादांना परत घ्या," ताईंनी विजयी मुद्रेनं फर्मावलं. "दादा, आता बाटलीचं वर्णन करा बघू. बाटलीवरून माणूस कळतो."

"हिरवी आहे. झाकणाला तडा गेलाय, त्यावर पांढरी चिकटपट्टी. आणि एका बाजूनं थोडी वितळली आहे. इस्त्री लागली होती."

ताईंचा हात हवेतच राहिला. ती इस्त्री त्यांच्याच हातात होती तेव्हा. आणि मंगळवारी दुपारी कंडिशनरमध्ये या उन्हाळ्याचा वांगी रंग कालवून, घरी आपल्या बटेवर लावून बघावा म्हणून तो याच बाटलीत त्यांनी भरला होता. ग्रंथपालांच्या डोक्यावर पांढरे केस जास्त. पांढऱ्यावर रंग कसा झकास चढतो हे ताईंहून चांगलं कुणाला ठाऊक असणार!

खरं सांगावं तर घरचा फोन ठरतो आणि कार्यक्रम जातो. गप्प बसावं तर नवरा अकरा वाजता वांग्यासारखा वाचनालयात जातो. उपाय सांगायचा तर बाटलीत काय आहे ते सांगावं लागणार, आणि परक्या माणसाच्या बाटलीत काय आहे हे आपल्याला कसं कळलं म्हणायचं? दुसरी एखादी डगमगली असती. ताईंनी घसा साफ केला.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमच्या आवाजावरून मला सगळा उलगडा झालाय."

"आवाजावरून?"

"अनुभव असतो. तो आहे कंडिशनर, आणि त्यात तीन चमचे वांगी रंग आहे. परवा दुपारी मिसळलेला. आता बाथरूमच्या डाव्या कपाटात, वरच्या फळीवर, कोंड्याचा शाम्पू असेल. तो रंग उतरवतो. कोमट पाण्यानं चार वेळा धुवा."

"टॉवेलांच्या मागे आहे तो?"

"टॉवेलांच्या मागे. कानांना तेल लावून कापसानं पुसा. आणि पांढरा टॉवेल घेऊ नका, तो पाहुण्यांचा आहे." ताईंनी जीभ चावली. "म्हणजे पांढरा टॉवेल सगळ्यांच्याच घरी पाहुण्यांचा असतो."

पलीकडून अगदी हळू, कुजबुजल्यासारखा, ओळखीचा आवाज आला, "हं."

त्यानंतर ताईंना उसंत मिळाली नाही. आवाजावरून केस ओळखणाऱ्या बाई गावानं पहिल्यांदाच पाहिल्या होत्या, म्हणजे ऐकल्या होत्या. "ताई, माझ्याही आवाजावरून सांगा ना!" त्यावर ताई डोळे मिटून म्हणत, "तुम्ही ओले केस विंचरता." "अय्या, खरंच की!" ओले केस कोण विंचरत नाही? पण ते विचारायला सवड कुणाला होती.

कार्यक्रम संपला तेव्हा व्यवस्थापक स्वतः दार उघडायला आले. "सत्तेचाळीस फोन, ताई! कार्यक्रम कायमचा तुमचा."

"मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत. आता एकच बारीकशी गोष्ट. फोन येतो त्याचा नंबर आम्हाला समोर पडद्यावर दिसतो. त्या दादांचा नंबर तुमच्या अर्जावरही आहे."

ताईंनी टोपलीतून उचललेला मोबाइल परत टोपलीत ठेवला. "मग... मधेच बंद का नाही केलात?"

"सत्तेचाळीस फोन हो! पण त्यातल्या तीसजणांना एकच जाणून घ्यायचंय, त्या बाईनं माफी मागितली का. तेव्हा पुढच्या गुरुवारी सुरुवात दादांपासून. ते 'मागितली' म्हणाले तर पुढे चालू. नाही म्हणाले तर..." त्यांनी खिशातला घडी घातलेला कागद थोपटला.

ताई संध्याकाळी घरी आल्या त्या थेट बाथरूममध्ये गेल्या. तिथल्या एकूण एक बाटलीवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तीवर वाचनालयाच्या पुस्तकांवर असतं तशा सुबक अक्षरात क्रमांक. '१. शाम्पू.' '२. शाम्पू नव्हे.' '३. हेही नव्हे.' बाहेर टेबलावरच्या इस्त्रीलासुद्धा चिठ्ठी होती : '४. मालक : धाकटी मेहुणी. परत करणे बाकी.'

ग्रंथपाल खिडकीशी वाचत बसले होते. केसांवर आता वांग्याची फिकट झाक तेवढी उरली होती, कान मात्र चांगलेच रंगलेले. ताईंनी धंद्याच्या नजरेनं ते डोकं चारी बाजूंनी पाहिलं. चाळिशी नाही, पन्नाशी उलटलेला माणूस, आणि रंग असा शोभत होता की चडफडाट व्हावा.

"आज दोन बायकांनी विचारलं, कुठं करून घेतलंत म्हणून," पुस्तकातून डोकं न काढता ते म्हणाले.

"मग काय सांगितलंत?"

"घरीच. एक रेडिओवरच्या बाई आहेत, त्यांचं ऐकलं. पहिला सल्ला सोडला तर बाई हुशार वाटल्या."

ताईंनी टेबलावरचा टॉवेल उचलला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "अहो," त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी केंद्रावरून तुम्हाला फोन येणार आहे."

"हो का? काय विचारतील?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय विचारतील."

ग्रंथपालांनी पुस्तकात खूण घातली आणि पुस्तक मिटलं. घाई कसलीच नव्हती. गुरुवारला अजून सात दिवस होते. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी टॉवेलकडे बघत त्या पुटपुटल्या, "चुकलं माझं."

तीस वर्षं लोकांना 'हळू बोला' सांगण्यात घालवलेल्या त्या माणसानं वांगी झालेल्या कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं बोल."