कमलची कचेरी

आमच्या शेजारची कमल रोज अकराच्या सुमाराला कचेरीत जायची. तेल लावून चापूनचोपून वेणी, इस्त्रीचं पातळ, हातात पिशवी, पायात चपला. दारात उभी राहून तिन्ही पोरांना बजावायची, "जातो बरं. भांडू नका. रक्त निघालं तर काकूले आवाज द्या, बाकी सगळं लंचमधी." मग व्हरांड्यातच चार पावलं चालायची, चपला काढायची, आणि खाटेवरच्या मच्छरदाणीत शिरून कडा गादीखाली खोचून घ्यायची. झाली कचेरी सुरू!

ती काकू म्हणजे मी. सरकारी क्वार्टरांच्या लाइनीत आमची भिंतीला भिंत. ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं, हिंदी मुलखातल्या आमच्या बालाघाटात डासांना तोटा नव्हता आणि मच्छरदाणी घरोघरी होती. पण भर दिवसा तिच्यात बसून, मांडीवर पोळपाट घेऊन, त्यावर कागद ठेवून नाटक लिहिणारी बाई गावात एकच. ती नेमकी माझ्याच वाट्याला यावी!

आधी तिनं सगळे उपाय करून पाहिले होते. पोरं झोपली की लिहू म्हणाली, तर तिघं एकाच वेळी झोपतील तर शपथ. मधला राजू डोळे मिटायचा तेव्हा चिंगी उघडायची. चिंगी म्हणजे शेंडेफळ, रांगती. थोरली बबी पाच वर्षांची, तिला तर झोप म्हटलं की तहान लागायची. चुलीपुढं लिहायला बसली तर वरण करपलं आणि नाटकातल्या राजाच्या अंगावर फोडणी उडाली. मग एक दिवस मला म्हणाली, "काकू, आपल्या लाइनीतले सारे माणसं कचेरीत जातात. तिथी काय करतात थे देवाले माहीत. पण कोणाचं पोट्टं जाते का टेबलापाशी, बाबा नाक पुसा म्हणून? नाई ना? काहून? तर बाबा कचेरीत हायेत! मंग मीबी जातो."

आणि गेली की हो खरंच. पोरांना तिनं असं काही पक्कं केलं की आई समोर दिसत असूनही ती नाही, यावर त्यांचा पुरा विश्वास बसला. राजू जाळीशी जाऊन "आई" म्हणायला लागला की बबी त्याला ओढून आणायची, "अबे, आई कुठी हाये? संध्याकाळी येईन!" नवऱ्यालाही सूट नव्हती. वसंतराव सिंचाई विभागात बाबू, गरीब गाय माणूस. सुटीच्या दिवशी बनियन सापडेना म्हणून विचारायला गेले, तर जाळीतून आवाज आला, "अर्ज करा. लंचनंतर पाहू." तो माणूस उघड्या अंगानं आमच्याकडे येऊन बसला. मी पोहे दिले. दुसरं काय करणार!

खरी गंमत झाली ती वसंतरावांचे साहेब आले तेव्हा. रविवारी दुपारी बायकोला घेऊन जीपनं किरनापूरहून परत येत होते, वाटेत थांबले. वसंतराव बाजारात गेलेले. बबीनं दार उघडलं. साहेबांनी विचारलं, "बेटी, मम्मी घर पे हैं?"

"नहीं. ऑफिस गई है."

साहेबांनी बबीकडे पाहिलं, मग दोन हातांवरच्या मच्छरदाणीकडे. आत कमल मान खाली घालून खरडत होती. ढिम्म हलली नाही. मी भिंतीपलीकडून पाहतेय. साहेब भला माणूस. घसा साफ करून म्हणाले, "अच्छा... कब आएँगी?"

"लंच में."

दोघं नवराबायको मुकाट्यानं खुर्च्यांवर बसले. चिंगीनं साहेबांच्या बुटाची नाडी चोखली. एक वाजता कमल जाळीबाहेर आली, चपला घातल्या, दोन पावलं चालून आली आणि नमस्कार करून म्हणाली, "अरे साहब! आप कब आये?"

वसंतराव त्यानंतर आठवडाभर मान वर करून चालले नाहीत. मीही तिला झापलं. म्हटलं, "अगं, लाइनीतल्या बायका तुला वेडी म्हणतात."

"म्हणू द्या! शहाण्या बाईले कोणी अर्धा घंटा एकटं सोडते का? वेडी हाये म्हणून लिहून राह्यली मी." आणि वर माझ्याकडेच चहा मागितला.

हे सगळं चाललं होतं मंडईसाठी. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हणा, आणि मंडईत नाटक हवंच. कमलचं माहेर कटंगीकडचं. तिथली पोरं दर वर्षी बाहेरून नाटक आणून बसवायची. त्या वर्षी कमलनं छाती ठोकून सांगितलं होतं, या वेळचं नाटक माझं. गावात आजवर कोणा बाईनं नाटक लिहिलं नव्हतं. पोरांनी हसत हसत हो म्हटलं आणि ती मच्छरदाणीत जाऊन बसली.

दोन अंक झाले. तिसऱ्या अंकात घात झाला. राजूला ताप आला, त्याचा उतरला तर बबीला चढला, मग चिंगीला. कचेरी बंद. कमल तिघांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत फिरायची आणि दिवाळी पुढं सरकत यायची. माझ्याकडे येऊन एकदा नुसती म्हणाली, "तिसऱ्या अंकात राजाले मरायचं हाये काकू, अन् मले त्याले मारायले टाइम नाई."

पोरं बरी झाली आणि दुसऱ्याच सकाळी माहेरची नाटकमंडळी दारात हजर. तिघं जण आले होते. राजाचं काम करणारा उंचापुरा शंकर, खलनायक म्हणून पंचक्रोशीत दरारा असलेला झुपकेदार मिशांचा गणपत, आणि पेटी वाजवणारा एक जाडा. शंकर दबकत म्हणाला, "ताई, दिवाळी तोंडावर आली. पाठ कवा करावं? आम्ही काय म्हणतो, राहू दे यंदा. आम्ही मागचंच बसवतो. तुले लेकरंबाळं हायेत..."

त्यानं ते मायेनं म्हटलं होतं. पण कमलचा चेहरा पाहून मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"लेकरं हायेत म्हणून राहू दे?" ती म्हणाली. "नाटक पायजे का नाई, तेवढं बोला."

"पायजे तर हाये, पण..."

"मंग धरा!" तिनं कडेवरची चिंगी गणपतच्या हातात कोंबली. "तिसरा अंक पायजे ना? मी लिहितो, तुम्ही लेकरं पाहा. रक्त निघालं तर आवाज द्या!" आणि चपला घालून, चार पावलं चालून ती कचेरीत निघून गेली.

त्या दिवसासारखा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. रंगमंचावर पन्नास माणसं कापणारा शंकर राजूला शी झाल्यावर नुसता "आता? आता?" करत अंगणभर फिरला. शेवटी मी लोटा हातात दिला. जाड्यानं भात लावला, तो खाली लागला. गणपतच्या मिशा चिंगीला अशा आवडल्या की तिनं त्या सोडल्याच नाहीत. तो डोळ्यांत पाणी आणून तिला अंगाई म्हणत होता, त्याच खलनायकी आवाजात. लाइनीतल्या झाडून सगळ्या बायका कामं टाकून बघायला आल्या. जाळीआड कमलचा हात थांबत नव्हता. लंचलाही ती बाहेर आली नाही.

उन्हं उतरता उतरता कडा सोडवून ती बाहेर आली. हातात कागदांची चळत, बोटं शाईनं निळी. तिनं ती शंकरपुढं धरली, "घे. मेला राजा." शंकर तिथंच उभ्यानं वाचायला लागला. कमलनं बबीला हाक मारली.

"थांब ना आई! मी राणी हाये, मले टाइम नाई." राजू जाड्याच्या पाठीवर घोडा घोडा करत होता, त्यानं पाहिलंही नाही. कमलनं गणपतपुढं हात पसरले. पेंगुळलेल्या चिंगीनं मान फिरवून त्याच्या खांद्यात तोंड खुपसलं.

ती येऊन माझ्या पायरीवर बसली. मी म्हटलं, "काय ग, झालं ना मनासारखं?"

"झालं. लय चांगलं झालं." बोटांवरची शाई पदराला पुसत ती म्हणाली, "काकू, दिवसभर एकानंबी हाक नाई मारली हो मले. मी दोनदा तर उगाच खोकलून पाह्यलं." आणि पदरात तोंड घालून लहान मुलीसारखी रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात चिंगी जागी झाली आणि गणपतच्या कानातच तिनं भोकाड पसरलं. तो बिचारा धावतच आला, "ताई, घे वं बाई हिले! मले नाई ऐकत आता!"

"आली का मायची आठवण, नकटे?" कमलनं नाक पुसून तिला ओढून घेतलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. काढलं तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ठणठणीत. "पुढल्या सालचंबी नाटक माझंच हाये, गणपतभाऊ. जरा लवकर या. अन् येताना भात रांधता येणारा माणूस आणा."