सतरा टेकड्यांचा अभ्यास

दिगंबर साटम दर शुक्रवारी बर्फावरच्या स्की खांद्यावर टाकून वाळवंटात जायचा आणि गळ्यात थर्मोडायनॅमिक्सच्या नोट्स अडकवायचा. वय वर्षं पंचेचाळीस. हुद्दा, मस्कतच्या गाला भागातल्या एका गॅरेजचा फोरमन. बर्फ त्याने फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता.

मस्कतमधली बरीच मराठी मंडळी त्याला एका गोष्टीवरून ओळखतात: साटम परीक्षेच्या दिवशी पेपर सोडून वाळूवर घसरायला गेला. ही गोष्ट पसरवली मी. गणपतीत, सत्यनारायणाला, कुणाच्या निरोपाच्या जेवणात, मी ती साटमाच्या चालीसकट करून दाखवायचो आणि लोक पोट धरून हसायचे. साटमसुद्धा हसायचा. त्या गोष्टीत बाकी सगळं खरं आहे. एकच गोष्ट खोटी आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय मला मरायचं नाही.

मी देवधर. मस्कतमधल्या एका खासगी कॉलेजच्या परीक्षा विभागात पंचवीस वर्षं क्लार्क होतो. शहरातल्या रुवी भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता. एका खोलीत मी, दुसरीत साटम आणि त्याच्या स्की. स्की त्याच्या पलंगापेक्षा लांब होत्या, त्यामुळे त्या तिरक्या झोपायच्या आणि साटम उरलेल्या जागेत.

त्या त्याला मिळाल्या एका ऑस्ट्रियन गिऱ्हाइकाकडून. साहेब देश सोडून चालला होता. गाडी विकून झाली, पण टपावरच्या स्की कोणी घेईना. त्याने त्या साटमाला दिल्या. साटम त्यांना ‘फळी’ म्हणायचा. पहिल्या शुक्रवारी त्याने फळीला खालून खोबरेल तेल चोळलं, म्हणजे सुळकन जाईल. बिदियाच्या वाळवंटातल्या टेकडीवर ती रव्यात घोळवलेल्या बांगड्यासारखी झाली. साटम माथ्यावरच तोंडावर पडला. पुढच्या आठवड्यात त्याने मेणबत्ती घासली, आणि त्यानंतर थेट पायथ्याशी येऊन पडला. ही त्याच्या मते प्रगती होती.

आता कॉलेज. आमच्याच कॉलेजात संध्याकाळचा मेकॅनिकलचा डिप्लोमा होता आणि साटमाने त्यात नाव घातलं. गॅरेजवाले म्हणाले, “या वयात? प्रमोशन हवंय का?” साटम म्हणाला, “वेळ जाता.”

दिवसभर गॅरेज, संध्याकाळी वर्ग आणि गॅरेजच्या सुट्टीचा एकच वार, शुक्रवार. तो स्कीला द्यायचा की अभ्यासाला? मी त्याला विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“देवधरांनू, फळी घेऊन चढूक किती वेळ लागता, म्हायत आसा? वीस मिन्टां. आणि उतरूक? चाळीस सेकंद. मगे त्या वीस मिन्टांत मी काय करू? भजन?”

वाळूच्या टेकडीला काही लिफ्ट नसते. चढायचं पायानेच, आणि दोन पावलं वर गेलं की वाळू एक पाऊल खाली आणते. साटमाने नोट्स प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून घेतल्या, घामाने भिजू नयेत म्हणून. एका टेकडीला एक कार्ड. चढताना मोठ्याने वाचायचं, माथ्यावर पाठ म्हणून दाखवायचं, मग खाली. “चढताना अभ्यास, उतरताना सुटी,” असं त्याचं ब्रीद होतं. माथ्यावर कार्ड म्हणता आलं नाही तर शिक्षा म्हणून तो फळी काखेत मारून चालत उतरायचा.

तिथे सालेम नावाचा एक बदू, म्हणजे वाळवंटी टोळीतला, म्हातारा उंटांवर लक्ष ठेवून असायचा. त्याने दोन-तीन आठवडे हा प्रकार बघितला आणि माणुसकीने आपली लँडक्रूझर जवळ आणली. “यल्ला, बैठो. ऊपर छोड़ता.”

“अर्बाब, गाड़ी में बैठेगा तो पढ़ेगा कब?” साटम म्हणाला.

सालेमने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि त्याच्या शेजारून हळूहळू वर नेली. पुढे तो कार्ड आपल्या हातात घेऊन माथ्यावर साटमाची तोंडी परीक्षा घ्यायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण साटम अडखळला की तो “ला, ला!” म्हणजे नाही, नाही असं ओरडून त्याला चालत खाली पाठवायचा.

साटमाची सगळी मोजमापं टेकड्यांत होऊ लागली. “हो धडो तीन डोंगरांचो आसा,” असं तो पुस्तक उघडताच सांगायचा. केरळच्या तरुण प्राध्यापकांनी वर्गात विचारलं, किती तास अभ्यास करता? साटम उभा राहून म्हणाला, “चौदह टेकडी, सर.” सरांनी ते लिहून घेतलं.

परीक्षेच्या हॉलमध्ये तर मी त्याच्याकडे पाहणंच टाळायचो. उत्तर आठवेना की त्याचे पाय बाकाखाली चालू लागायचे. एक, दोन, एक, दोन. कपाळावर घाम यायचा. मग एकदम सूत्र सापडायचं, आणि साटम गुडघे वाकवून, पुढे झुकून, सगळं उत्तर एका दमात उतरवायचा. शेजारची ओमानी मुलं आपले पेपर सोडून ते बघत बसायची. आणि तो पास व्हायचा. प्रत्येक वेळी.

तो हे सगळं का करत होता, ते मला भिंतीतून कळलं.

साटमाची मुलगी शलाका आठ महिन्यांची असताना तो मस्कतला आला. दोन वर्षांनी एकदा महिनाभर गावी. म्हणजे तिच्यासाठी बाप हा मे महिन्यात येणारा पाहुणा. त्याचा फोन दीड मिनिटाचा असायचा. “जेवलंस? बरी आसस? पाऊस आसा?” मग “ठेवतंय हां.” शलाका इंजिनिअरिंगला गेली, हॉस्टेलवर राहू लागली, तेव्हा तर पावसाचंही विचारायचं बंद झालं.

तिने मेकॅनिकल घेतलं म्हणून यानेही मेकॅनिकल घेतलं. त्यानंतरचे फोन तास-तासभराचे. साटम स्पीकर लावायचा, कारण दोन्ही हातांत कार्डं असायची. मी पलीकडे पेपर वाचल्यासारखं करत ऐकायचो.

“बाबा, तुम्ही सूत्र पाठ करताय. समजून घ्या ना!”

“समाजलंय गो! तुझाच उत्तर चुकला.”

“माझं? काढा पुस्तक. पान किती?”

ती ओरडली की साटमाचा चेहरा असा फुलायचा की जणू तिने त्याला पुरणपोळी वाढली. त्या वर्षी दोघांचाही थर्मोडायनॅमिक्सचा पेपर मे महिन्यात होता. मार्कांची पैज लागली होती. शलाकाने हॉस्टेलच्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, माझा बाबा माझ्याच विषयाला बसलाय. हे वाक्य साटमाने मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी रेडिओचा आवाज वाढवू लागलो.

आता माझा भाग.

त्याच महिन्यात ओमानची साप्ताहिक सुट्टी बदलली. इतकी वर्षं गुरुवार-शुक्रवार होती, ती शुक्रवार-शनिवार झाली. शनिवार हा आमच्या आठवड्याचा पहिला दिवस, तोच सुट्टीचा झाला, आणि शनिवारचे सगळे पेपर अलीकडे गुरुवारवर ओढले गेले. नवं वेळापत्रक मी स्वतः टाईप केलं. फलकावर पिना मीच टोचल्या.

आणि त्याच आठवड्यात, मी गॅसवर चहाचं आधण ठेवत असताना साटमाने खोलीतून विचारलं, “देवधरांनू, थर्मोचो पेपर कधी?”

“शनिवारी,” मी म्हणालो.

पंचवीस वर्षं माझ्या जिभेवर आठवडा शनिवारी सुरू होत होता. बोटांनी नवं वेळापत्रक टाईप केलं, पण जीभ जुनंच वाचत राहिली. साटमाने फलक पाहिलाच नाही. परीक्षा विभाग घरात चहा करत असताना माणूस फलक कशाला बघेल? त्याने बुधवार-गुरुवारची रजा टाकली आणि शेवटच्या उजळणीसाठी बिदियाला गेला.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मी हॉलमध्ये हजेरीचा कागद फिरवत होतो. तिसऱ्या रांगेतला साटमाचा बाक रिकामा दिसला. मी बाहेर जाऊन फोन लावला. लागेना. टेकड्यांत रेंज नसते. मी सात वेळा लावला. त्या वेळी साऱ्या ओमानमध्ये थर्मोडायनॅमिक्सचा इतका अभ्यास दुसरं कोणीही करत नव्हतं.

सात वाजता साटम आला. कानात वाळू, भुवयांत वाळू, चेहरा लालबुंद. “सतरा!” दारातूनच म्हणाला. “दोन दिवसांत सतरा! अख्खो सिलॅबस पायाखालसून गेलो!”

मी सांगितलं.

तो बूट काढत होता. एक काढला, दुसऱ्याची नाडी हातात धरून तसाच बसला. मग म्हणाला, “तुमका कोण काय बोललो नाय मां?”

माझं वय तेव्हा साठ उलटून गेलं होतं. माझा करार दर वर्षी वाढवून मिळायचा आणि त्या वर्षीचं पत्र सहीसाठी प्रिन्सिपॉलच्या टेबलावर पडलं होतं. साटमाला ते ठाऊक होतं. चूक ऑफिसची आहे असं मी लिहून दिलं असतं, तर त्याला आठवड्याभरात पुन्हा पेपर देता आला असता. हे मला ठाऊक होतं. नियम मीच सांभाळत होतो. मी लिहून दिलं नाही.

“गैरहजेरीच्या फॉर्मार लिवा,” साटम म्हणाला, “घसरूक गेल्लो. खोटा खय आसा? गेल्लंय तर खरो.”

“आणि शलाकाला?”

“तिकाय ताच. खरां सांगलंय तर ती गप रवाची नाय. कालेजाक पत्र लिवतली.”

मी मान डोलावली. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात मी त्याच्या गावी फोन करून विचारलं, खरं काय ते लिहू का? “कित्या उकरतास?” म्हणाला. पण शलाका आता इंजिनिअर आहे, वाचते, आणि तिला अजूनही वाटतं की तिचा बाप तो पेपर सोडून खेळायला गेला.

तर त्या शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. साटम पलंगावर बसला होता, मी समोर भेंडी चिरत होतो. त्याने सवयीने स्पीकर लावला.

“बाबा! कसा गेला? पहिला प्रश्न आला का तो?”

साटमाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे करून फोन घेतला असता, तर दोन वाक्यांत सगळं मिटलं असतं. मी भेंडी चिरत राहिलो.

“गेलंयच नाय गो पेपराक,” तो हसत म्हणाला. “बिदियाक गेल्लंय. वाळू बरी होती.”

ती हळूच म्हणाली, “मी सगळ्यांना सांगितलं होतं, बाबा.” आणि मग, “जेवलात?”

“होय.”

“ठेवते.”

खट झालं. साटमाने पटकन स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

“हां,” तो म्हणाला. “हां गो, समाजलंय. चूक माझीच. पुढच्या टायमाक.” थोडा थांबला, मान हलवली, हसला. “आणि तुझो कसो गेलो? दुसरो प्रश्न लिवलंस?”

त्याच्या कानापाशी फोनचा पडदा मला दिसत होता. तो काळा झाला होता, कॉल केव्हाच तुटला होता. साटमाने एका उत्तराला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला, मग खूश होऊन म्हणाला, “शाब्बास!” आणि मला वाईट वाटू नये म्हणून आणखी दहा मिनिटं बोलत राहिला.