देवतळेचं अर्धं-अर्धं

गेल्या वर्षी सक्करदऱ्यातल्या एका लग्नात जेवून देवतळेचं पोट बिघडलं. शहाणा माणूस दवाखान्यात जातो. हा दुसऱ्या दिवशी लग्नघरी गेला, उरलेल्या पदार्थांतले निम्मे मागून आणले आणि पुन्हा खाल्ले. म्हणे, "त्रास झाला तर चोर ह्या अर्ध्यात, नाही झाला तर त्या अर्ध्यात." मग रामदासपेठेतल्या दवाखान्यातून, सलाइन लावलेल्या हातानं, मला फोन. "भाऊ, आता फक्त वांग्याची भाजी अन् मठ्ठा उरला."

असला माणूस माझा शेजारी आहे. हयात टेलिफोनच्या तारा तपासण्यात गेली. तार कुठं बिघडली ते पाहायला हा मधल्या खांबावर चढायचा. इथपर्यंत आवाज आला की बिघाड पुढं. ते ठीक होतं. पण रिटायर झाल्यावरही हा खांबावरून उतरला नाही. लग्न केलं नाही ते बरंच केलं. बायकोतही बिघाड शोधत बसला असता.

माझी कमल दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या लॅपटॉपमध्ये ह्यानंच कुठलीशी फुकटची सिस्टीम घालून दिली होती. त्यात तिचा आवाज आहे. एका दुपारी ती भजन रेकॉर्ड करायला बसली आणि मी मधेच चहा मागितला. म्हणून भजन नाहीच. नुसतं, "अवो, थांबा ना जरा, गाऊन राहिली ना मी," आणि थोडं हसू. संपलं. मी चौथी शिकलेला, त्या मशीनचं एकच बटण मला कळतं. रोज चहाच्या वेळी तेवढं दाबायचं.

एका सकाळी मशीननं आपलं आपणच अपडेट करून घेतलं आणि आवाज बंद. पडद्यावर रेघा हलतात, ऐकू काही येत नाही. मी बटण दाबदाबून थकलो.

देवतळे आला. "कर्नेल बदललं, भाऊ. सिस्टीमचा गाभा असते तो." त्यानं जुना गाभा चालू करून दाखवला. कमल बोलली.

"मग राहू दे गा हाच."

"पुढच्या अपडेटले हा जुना निघून जाईन. मंग काय करान? जुन्या-नव्याच्या मधात हजारो बदल झाले. त्यातला एक चोर आहे. अर्धं-अर्धं करून पकडतो."

झालं. रोज सकाळी हा हजर. मधला कुठला तरी गाभा बनवायला लावायचा, आणि मशीन दुपारपर्यंत तापत बसायचं. हवा लागावी म्हणून त्याखाली माझी पापड भाजायची जाळी. गाभा तयार झाला की कमलचं रेकॉर्डिंग लावायचा आणि स्वतः गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा.

"चोर पकडणारा तू, अन् तूच बाहेर काहून?"

"वहिनी तुमच्याशी बोलून राहिल्या. मी काहून ऐकू? आवाज आला का नाही, तेवढं सांगा. मी वहीत लिहितो."

दुसरं कुठलंही गाणं लावून चाललं असतं, हे मला फार उशिरा सुचलं.

पहिल्या दिवशी आवाज आला. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मी आशा सोडून बसलो होतो आणि ती एकदम बोलली. मी बाहीनं डोळे पुसत होतो. देवतळेनं दार किलकिलं करून विचारलं, "आला?" हो म्हटलं की हा हात चोळत आत येतो. मी तोंड फिरवलं आणि मान हलवली. नाही. त्यानं वहीत फुली मारली.

त्या फुलीमुळं त्याचा शोध उलट्या अर्ध्यात गेला, जिथं बिघाड नव्हताच. मग रोज आवाज येऊ लागला. रोज ती बोलायची. मी कशाला तोंड उघडतो?

शेवटी एका दुपारी तो म्हणाला, "सापडला. चौथ्या दिवसाचाच बदल. पण हा तर कीबोर्डच्या दिव्याचा आहे."

"कीबोर्डच्या दिव्यानं आवाज जातो का गा? येवढे दिवस माझा चहा ढोसला, अन् हे काढलं?"

 तो वही मिटून खाली पाहत बसला. त्याचं ते बसणं मला पाहवेना.

"चौथ्या दिवशी आला होता आवाज. मी खोटं बोललो."

"माहीत आहे मले."

"कसं?"

"तुमच्या गॅलरीचं दार नीट लागत नाही."

"मंग फुली काहून मारली?"

तो जाळी उगाच सरळ करत राहिला. "खरं लिहिलं असतं तर पुढं चोराच्या अर्ध्यात जावं लागलं असतं. तिकडं किती दिवस आवाज नसता, कोण जाणे. आवाज नव्हता ते दोन दिवस तुम्ही नीट जेवले नव्हते." मग म्हणाला, "अन् मलेही इथं चहा भेटत होता. घरी एकट्यासाठी कोण मांडते."

 मी उठून दोन कप चहा ठेवला. येईपर्यंत त्यानं चौथ्या दिवसाचा गाभा पुन्हा लावला होता. म्हणाला, "खात्री करू. मग उद्यापासून खऱ्या अर्ध्यात." रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गॅलरीकडे निघाला.

"बस गा इथंच."

तो बसला. कमल बोलली, हसली. देवतळे मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होता. आला का, असं त्यानं विचारलं नाही. वही उघडली आणि चौथ्या दिवसाची फुली खोडली.