अक्षरांचा आकार चाळीस
"पाच मिनिटांचं काम आहे!" असं जाहीर करून जावईबापूंनी बाह्या सरसावल्या.

जावईबापू यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करायचे. मिक्सरपासून लिफ्टपर्यंत शेकडो यंत्रं कशी चालवावीत हे त्यांनी लोकांना समजावलं होतं. तेव्हा आपल्याला कुणी काही समजावण्याचा प्रश्नच येत नाही, असं त्यांचं ठाम मत! ते ज्या एडिटरमध्ये लिहायचे, तो सकाळी अपडेट झाला आणि अक्षरं एकदम खसखशीएवढी झाली. आता सेटिंगची फाईल उघडायची, आकडा बदलायचा, की झालं!

नुकत्याच उघडलेल्या फायलींच्या यादीत पहिलीच सेटिंगची होती. त्यांनी ती उघडली, अक्षरांचा आकार अठरा केला, सेव्ह केलं आणि एडिटर बंद करून पुन्हा उघडला.

खसखस!

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून सासऱ्यांची आनंदाची आरोळी आली. त्यांचा मोतीबिंदू काढल्यामुळे सासू-सासरे पंधरा दिवस मुलीकडे राहायला आले होते. थोडं थोडं लिहायला हरकत नाही, असं डॉक्टर कालच म्हणाले होते. जावईबापूंनी लगेच त्यांच्या लॅपटॉपवरही तोच एडिटर बसवून दिला होता, तोही घरच्या वायफायवरून, स्वतःच्या खुर्चीतून न उठता!

"अगं, अक्षरं बघ कशी टपोरी दिसायला लागली!"

"डॉक्टरांच्या हाताला गुणच आहे हो!" सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

जावईबापूंना कुणाच्या डोळ्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी दात-ओठ खात आकार चाळीस केला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. एडिटर ढिम्म!

"अगं ए," शेजारून जरा घाबरा आवाज आला, "गुण जास्तच आलाय. एका ओळीत दोनच शब्द मावतायत!"

"बाबा, जरा हळू! मी इथे कामात आहे!" जावईबापू ओरडले. मग त्यांना जालीम युक्ती सुचली. हा गाढवाचा एडिटर आपली फाईल वाचतो तरी का? पडद्याचा रंगच गुलाबी करून टाकू, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल! त्यांनी झगझगीत गुलाबी निवडला आणि सेव्ह केलं.

त्यांचा पडदा पांढराच्या पांढरा. शेजारच्या खोलीत मात्र किंकाळी!

"गुलाबी! सगळं गुलाबी दिसतंय!"

सासूबाई हातातली पळी घेऊनच धावल्या. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं आणि पळी खाली पडली. "अगंबाई! मलाही गुलाबीच दिसतंय!"

"साथ आहे!" बायकोने निदान केलं. खोलीत पाऊल न टाकता तिने दारातूनच हुकूम सोडले, "आई, बाबा, डोळे मिटा! एकमेकांकडे बघू नका! अहो, तुम्ही गाडी काढा! आणि तुम्हीही बघू नका!"

"गाडी न बघता कशी चालवू?"

"वाद घालू नका!"

दहा मिनिटांत सगळी वरात दवाखान्यात. डॉक्टरांनी सासऱ्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. त्यांनी अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. सासूबाईंनीही वाचला.

"माझा कोट कोणत्या रंगाचा?"

"पांढरा. खिशापाशी शाईचा डाग आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मग गुलाबी काय दिसलं?"

"लॅपटॉप!" सासरे म्हणाले. "आधी अक्षरं मोठी झाली. मग अवाढव्य झाली. मग एकदम गुलाबी!"

जावईबापूंचे कान तापले. आधी अठरा. मग चाळीस. मग गुलाबी! काल खुर्चीतून न उठता त्यांनी सासऱ्यांची सेटिंगची फाईल उघडली होती. तीच यादीत पहिली येऊन बसली होती. दोन्ही फायलींचं नाव एकच!

"डॉक्टर, जरा बाहेर बोलू या का?"

"इथेच बोला," बायको म्हणाली.

ते बोलले. बायकोने कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी मात्र एवढंच विचारलं, "म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले.

"मग जावईबापू, मधली ती अठराची अक्षरं तेवढी मला परत द्या."

"आणि गुलाबी राहू द्या," सासूबाई हळूच म्हणाल्या. "छान वाटत होता."

सगळे हसले. जावईबापूही सुटकेचा निःश्वास टाकून उठले. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं.

"ती फाईल कुणाची, हे कुठे लिहिलेलं नसतं का?"

"असतं. वरच. 'बाबांचा लॅपटॉप' असं."

"आणि तुम्ही ती किती वेळा उघडलीत?"

"तीन... चार वेळा."

"बसा इथे," डॉक्टर खुर्चीकडे बोट दाखवत म्हणाले. "तक्ता वाचा."

जावईबापू ऐटीत बसले, खाकरले आणि दुसऱ्या ओळीतच अडकले. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला!