पाव तासाचं गुलबर्गा

"गुलबर्ग्याला पोरगी द्यायची न्हाई," भाकरी थापता थापता भागाबाईनं तिसऱ्यांदा सांगितलं. "लई लांब हाय. ती रडली तर मला ऐकू बी यायचं न्हाई."

स्थळ चांगलं होतं. मुलगा डाळमिलमध्ये कारकून, घर स्वतःचं. तिच्या नवऱ्याचा, नागनाथचा, जीव त्या स्थळात अडकला होता.

बिदरच्या विमानतळाला लागूनच त्याचं गाव. म्हशी कुंपणाकडेनं चरायच्या आणि तो बांधावर उताणा पडून शिकाऊ विमानं बघायचा. गुलबर्ग्याच्या दिशेनं ती आभाळात मिठाच्या खड्यासारखी विरघळून जायची. नुकताच, पन्नाशी उलटल्यावर, तो साक्षरता वर्गात अंक शिकला होता. शाळेतल्या नकाशावर त्यानं बिदर ते गुलबर्गा दोरा ताणला. नव्वद किलोमीटर! विमान मिनिटाला सहा किलोमीटर जातं, हे तळावर दूध घालताना कळलेलं होतंच. त्यानं पाटीवर भागाकार मांडला. उत्तर इतकं गोड आलं, की त्यानं तो पुन्हा एकदा केला.

"पाव तास! गुलबर्गा पाव तासावर हाय!"

"हवेतनं व्हय. आन् जमिनीवरनं?"

"हवा काय, जमीन काय, गाव तर जाग्यावरच हाय न्हवं? लई तर तास."

"मंग आजच बघून येऊ. जेवायला घरी."

निखाऱ्यावर दूध ठेवून, पोरीला "आलोच" म्हणून, भाकरी न बांधताच भागाबाई निघाली.

मन्नाएखेळ्ळीला बसचा ड्रायव्हर चहाला उतरला. पुढं टायर बसलं. हुमनाबादला दुसरी गाडी धरायची, तर ती आलेलीच नव्हती. नकाशातल्या दोऱ्याला वळणं नव्हती, चढ नव्हता आणि चहाबाज ड्रायव्हरही नव्हता, हे नागनाथच्या हळूहळू ध्यानात येत होतं. दुपार कलली. वरून एक विमान गेलं.

"त्ये बगा," भागाबाई म्हणाली, "तुमचा पाव तास चाललाय."

स्थळ गेलंच, असं समजून नागनाथनं मान खाली घातली. बऱ्याच वेळानं चोरून पाहिलं, तर भागाबाई खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसलेली. मांडीवर शेंगांची पुडी. फुललेली पिवळी तूर तिच्या डोळ्यांतून वाहत चाललेली. लग्नापासून तिला असं रिकामं बसलेलं त्यानं पाहिलंच नव्हतं.

गुलबर्ग्याला पोचल्यावर मुलाच्या वडिलांनी, अंकुशरावांनी, पाणी पुढं केलं. "लांब पडलं का हो, वैनी?"

"लई. साडेसहा तास."

नागनाथनं डोळे मिटून घेतले.

"पोरगी दिली," भागाबाई म्हणाली.

"आँ?" नागनाथनं डोळे उघडले.

"आँ काय? साडेसहा तास कुणी पाणी मागितलं न्हाई, का भाकर मागितली न्हाई. दर म्हैन्याला पोरीला भेटाया यीन मी."

अंकुशराव हरखले. "आत्ता पोराच्या मिलची जीप बिदरला जायलीय. अडीच तासांत घरी सोडंल."

"नको, दादा. बसच बरी."

"पर दर म्हैन्याला आपुण दोघं आलो, तर म्हशींची धार कोण काढंल?" नागनाथनं विचारलं.

"दोघं? दोघं कुठं म्हणलं मी?"

परतीच्या बसमध्ये भागाबाईनं खिडकीची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली. नागनाथ मागच्या बाकावर बसला.